दार वाजवा आणि थांबा: मानसिक आजार असलेल्या माणसाला स्वतःच्या घरात राहायला मदत कशी करायची

मी चौदा वर्षं सपोर्ट वर्कर म्हणून काम करतेय, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसांच्या घरी जाऊन रोजच्या जगण्यात मदत करतेय. सध्या ज्या घरात जाते तिथे चौघं राहतात. दोघांना स्किझोफ्रेनिया आहे (नसलेले आवाज ऐकू येणं, उगाच संशय येणं), एका ताईंना बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य), आणि एका काकांना वर्षानुवर्षांचं नैराश्य. प्रत्येकाची खोली स्वतंत्र, स्वयंपाकघर सगळ्यांचं. त्या घरात माझी खोली नाही. ते चौघं तिथे राहतात, मी तिथे कामाला जाते. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण ती अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं. तोवर मी दार न वाजवता आत शिरायचे, कपाटं आवरायचे, कुणी काय घालायचं ते सांगायचे, आणि यालाच माया समजायचे.

आपल्या मुलाला, बहिणीला किंवा भावाला सपोर्टेड लिव्हिंगमध्ये ठेवावं का, असा विचार तुमच्या मनात असेल, किंवा तुम्ही नुकतंच हे काम धरलं असेल, तर मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला लवकर कळावं म्हणून हे लिहितेय.

घर बघायला जाल तेव्हा

सपोर्टेड लिव्हिंग म्हणजे माणूस स्वतःच्या घरात किंवा खोलीत राहतो आणि त्याला लागेल तेवढी मदत तिथे येते. कुणाला रोज चार तास लागतात, कुणाला आठवड्यातून दोन फेऱ्या पुरतात, कुणाला रात्रीही कुणीतरी जवळ लागतं. तो हॉस्पिटलचा वॉर्ड नाही. सगळ्यांना एकाच वेळी उठवून एकाच वेळी झोपवणारी संस्थाही नाही.

पहिल्यांदा एक गोष्ट तपासा: घर आणि मदत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात का? औषध नाकारलं म्हणून खोली जाणार असेल, तर ते घर नव्हे, ती अट आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने ‘पाथवेज टू हाउसिंग’ सुरू केलं. रस्त्यावर राहणाऱ्या, गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांना त्यांनी आधी घर दिलं. आधी उपचार घे, आधी दारू सोड, मग घर, असं म्हटलं नाही. पाच वर्षांनी त्यातले ८८ टक्के लोक घरात टिकून होते. त्याच शहरातल्या उपचारांशी जोडलेल्या निवासव्यवस्थेत हेच प्रमाण ४७ टक्के होतं. घर हे बक्षीस म्हणून नाही, पाया म्हणून द्यायचं असतं हे मला त्या आकड्यांनी पटलं. कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे ठरवायचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराच्या १९ व्या कलमातही आहे, आणि मानसिक आजारामुळे अपंगत्व आलेली माणसं त्या करारात येतात.

भेटीला जाल तेव्हा हे प्रश्न थेट विचारा. खोलीची किल्ली कुणाकडे असते? रात्री दोन वाजता कुणी घाबरलं तर फोन कुणाला करायचा, आणि तो उचलतं कोण? महिनाभर हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं तर खोली राहते का? सध्याचे कर्मचारी इथे किती दिवसांपासून आहेत? माणसं दर तीन महिन्यांनी बदलत असतील, तर तिथे राहणाऱ्याला दर तीन महिन्यांनी आपली सगळी कहाणी नव्याने सांगावी लागते. दमून जातं माणूस.

आणि डोळे उघडे ठेवा. कर्मचारी दार वाजवतात का? वाजवून उत्तराची वाट बघतात का? फ्रिजला कुलूप आहे का? कर्मचाऱ्यांचे कप वेगळे ठेवलेत का? मी तरी कपांकडे आवर्जून बघते. जिथे कप वेगळे असतात तिथे बाकीही बरंच वेगळं असतं.

जायच्या आधीची यादी

मदत किती लागेल हे ठरवायला बहुतेक ठिकाणी एक फॉर्म भरून घेतात. तो घरचेच भरतात आणि ज्याच्याबद्दल आहे तो बाजूला बसून ऐकतो. असं करू नका. एक आठवडा त्याच्याबरोबर बसून रोज संध्याकाळी साध्या कागदावर लिहा: आज काय आपलं आपण जमलं, काय सांगितल्यावर जमलं, काय सोबत कुणी होतं म्हणून जमलं, काय जमलंच नाही. लिहायचं त्याच्या शब्दांत.

या चार रकान्यांमुळे खूप कळतं. ‘त्याला स्वयंपाक येत नाही’ असं आई सांगते, आणि कागदावर दिसतं की त्याला स्वयंपाक येतो, गॅस बंद केला की नाही याची शंका त्याला सोडत नाही. मग मदत स्वयंपाकाची नको, शेवटी एकदा शेगडी बघून घ्यायची हवी. दोन मिनिटांचं काम. एका ताईंना पैशांचा हिशोब उत्तम यायचा, फक्त काउंटरवरच्या माणसाशी बोलवत नव्हतं. तिला आम्ही हिशोब शिकवत बसलो असतो तर तिचा अपमानच झाला असता.

राहायला जाणं एका दिवसात उरकू नका. आधी दुपारचा चहा, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. पहिल्या रात्री त्याची स्वतःची चादर आणि स्वतःचा दिवा बरोबर द्या. अनोळखी खोलीत पहाटे जाग आल्यावर ओळखीची एक तरी वस्तू दिसली पाहिजे.

सकाळ

नवीन सपोर्ट वर्कर सगळ्यात जास्त सकाळी चुकतात. मीही चुकले.

त्या घरातला एक दादा, तेव्हा एकतीस वर्षांचा, दुपारी बारापर्यंत खोलीतून बाहेर यायचा नाही. दार बंद. मी बाहेरून हाका मारायचे, “दादा, उठा, दहा वाजले.” पुन्हा साडेदहाला. पुन्हा अकराला. स्किझोफ्रेनियात इच्छाशक्तीच आटते, आवाज आणि संशय कमी झाले तरी हे मागे उरतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी समजून चालले की हे तेच. वहीत लिहायचे, ‘उठण्यास उत्सुक नाही.’

एका सकाळी मी दार वाजवलं आणि हाक मारलीच नाही. नुसती उभी राहिले. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “जरा थांबा.” मी थांबले. दार बोटभर उघडलं आणि त्याच्या हातात गोळा केलेला उशीचा अभ्रा दिसला, ओला. तो क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेत होता. त्या औषधाने झोपेत तोंडातून लाळ येते, खूप येते, उशी अक्षरशः भिजते. रोज सकाळी तो अभ्रा काढून रेडिएटरवर वाळायची वाट बघत बसायचा, मगच बाहेर यायचा. त्याच्याकडे दोनच अभ्रे होते, आणि मशीन सगळ्यांच्या स्वयंपाकघरात होतं. तिथपर्यंत ओला अभ्रा घेऊन सगळ्यांसमोरून जायची त्याला लाज वाटत होती.

मग आम्ही सहा अभ्रे आणले, उशीवर टाकायला एक जाड टॉवेल ठेवला, खोलीतच झाकणाची बादली दिली. डॉक्टरांना त्याने स्वतः सांगितलं, मी फक्त शेजारी बसले. त्यांनी डोसाच्या वेळा बदलल्या. पंधरा दिवसांत तो नऊच्या आसपास बाहेर यायला लागला. अडीच महिने मी ज्याला आजार म्हणत होते ती लाज होती.

म्हणून सकाळसाठी माझं सांगणं एवढंच: दार वाजवा, थांबा, एकच वाक्य बोला. “उठा, आंघोळ करा, खोली आवरा, आज अपॉइंटमेंट आहे” हे चार डोंगर आहेत. “चहा ठेवतेय, तुम्हाला हवा का?” हा एक दगड आहे, त्यावर पाय ठेवता येतो. आणि कुणी सलग काही दिवस एखादी गोष्ट टाळत असेल, तर ‘का करत नाही’ असं विचारू नका. “त्यात अवघड काय जातंय?” असं विचारा.

औषधं

ध्येय असं असावं की औषधं शेवटी त्याच्या हातात यावीत. वाट मात्र टप्प्याटप्प्याने. आधी आपण काढून द्यायची, मग त्याने काढायची आणि आपण बघायचं, मग आठवड्याची डबी त्याने भरायची आणि आपण रविवारी एकदा नजर टाकायची, मग नुसतं विचारायचं. एक टप्पा न डळमळता काही आठवडे चालला की पुढचा. डळमळला तर मागे या, आणि मागे येणं ही शिक्षा वाटणार नाही अशा आवाजात या.

काही गोष्टी सपोर्ट वर्करला आणि घरच्यांना पाठ असायलाच हव्यात.

क्लोझापिन ४८ तासांहून जास्त चुकलं तर जुनाच डोस परत सुरू करायचा नाही. आधी डॉक्टरांना फोन, कारण पुन्हा थोड्यापासून चढवत न्यावं लागतं. या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होऊ शकतात, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही, आणि ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. बद्धकोष्ठता हलक्यात घेऊ नका. क्लोझापिनवर असलेल्या माणसाची आतडी इतकी मंदावू शकतात की जीवावर बेततं. पोट साफ झालं का हे विचारायला संकोच वाटत असेल तर तो संकोच आपण गिळायचा. आणखी एक, जे फार थोड्यांना माहीत असतं: सिगारेटच्या धुरामुळे शरीर हे औषध लवकर संपवतं. माणसाने अचानक सिगारेट सोडली तर तोच डोस जास्त पडतो. निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांनी हा फरक भरून निघत नाही, कारण काम धुराचं असतं. तेव्हा सिगारेट सोडायचं ठरलं तर कौतुक करा, आणि डॉक्टरांना आधी कळवा.

लिथियम (बायपोलरवरचं औषध) घेणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले, पाणी कमी पडलं, किंवा त्याने परस्पर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर त्याच तासाला डॉक्टर. लिथियमच्या पातळीसाठी रक्त शेवटच्या डोसानंतर सुमारे १२ तासांनी घेतात, म्हणून तपासणीच्या सकाळी गोळी आधी देऊ नका.

वजन, साखर, रक्तदाब, दात हेही बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि बहुतेक वेळा टाळता येण्यासारख्या शारीरिक आजारांनी. छातीत दुखतंय असं त्याने सांगितलं आणि समोरच्याने ‘घाबरलाय’ म्हणून सोडून दिलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. अशा वेळी आवाज चढवायला लागला तर चढवा.

चाहूल

प्रत्येकाचा आजार परतताना वेगळ्या पावलांनी येतो. बायपोलर असलेल्या ताईंनी बऱ्या असताना स्वतःच एक पान लिहिलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. पहिली ओळ: ‘रात्री दीडला कपाट आवरायला काढलं तर पहिली खूण.’ दुसरी: ‘एकाच दिवशी पाचहून जास्त लोकांना फोन.’ खाली: ‘तेव्हा मला शांत हो म्हणू नका. दिवे कमी करा. बँकेचं कार्ड मी तुमच्याकडे देईन, पावती लिहून द्या. डॉक्टरांना मीच फोन करेन, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही केला तर तुम्ही करा.’

असं पान प्रत्येकाचं हवं. ते बरं असतानाच लिहायचं, त्याच्या हाताने, आणि त्यात आपल्यासाठी हुकूम असावेत. सगळ्यात भरवशाची खूण मला झोपच वाटते. सलग दोन-तीन रात्री झोप बिघडली की मी पान काढायला सांगते.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतोय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट मला बऱ्याचदा समोरच्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरताना दिसलंय. हो म्हणाला तर कशाने, कधी, हेही विचारा, त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा किंवा जे काही साधन असेल ते त्याला सांगून दूर करा, आणि तातडीची सेवा बोलवा. रात्र आहे, सकाळी बघू, असं नाही.

घरच्यांनी

१९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. स्किझोफ्रेनियाचे जे रुग्ण हॉस्पिटलमधून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतले, ते भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडले. पुढे १९७२ च्या अभ्यासात आणखी नेमकं कळलं: सतत टीका, राग आणि जिवापाड काळजीने केलेली लुडबुड असलेल्या घरात आजार जास्त परततो, आणि आठवड्यातले ३५ तासांहून जास्त समोरासमोर घालवले तर धोका वाढतो.

हे वाचून स्वतःला दोष देऊ नका. आजार आई-वडिलांमुळे होत नाही. पण अंतराने नातं वाचतं हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. मुलगा वेगळा राहायला लागला की आई पुन्हा आई होते. तोवर ती पहारेकरी झालेली असते. भेटायला जाल तेव्हा आधी फोन करा. आल्या आल्या भांडी घासायला लागू नका, आंघोळ केलीस का, गोळी घेतलीस का, हे पहिलं वाक्य नको. पसारा दिसेल. तो पसारा त्याचा आहे. बसायला जागा मागा आणि बसा.

मदत कमी करताना

काकांबद्दल सांगते, कारण ते मला अजून टोचतं. वर्षभर त्यांचं छान चाललं होतं. तेव्हा मी ज्यांच्याकडे काम करत होते त्यांनी रोजची भेट आठवड्यातून दोनवर आणली. कागदावर कारण होतं ‘प्रगती चांगली’. मीही सही केली. पाचव्या आठवड्यात दार उघडायला त्यांना जोर लावावा लागला, कारण दाराआड न उघडलेल्या पाकिटांचा ढीग साचला होता. बिलं, तपासणीची पत्रं, लेकीचं एक कार्ड. एकही फोडलेलं नव्हतं. “उघडायला सोबत कुणी नव्हतं,” एवढंच म्हणाले.

रोजची भेट होती म्हणून ते बरे होते. माणूस बरा दिसतोय म्हणून मदत काढायची नसते. ती मदत करत काय होती हे आधी शोधायचं, आणि ते काम आता कोण करणार हे ठरलं की मगच एक फेरी कमी करायची. एका वेळी एकच गोष्ट बदला. मध्ये काही आठवडे जाऊ द्या, आणि मदत परत वाढवायची वाट उघडी ठेवा. काकांचा मंगळवार आम्ही परत आणला. त्या दिवशी पत्रं उघडतो, बाकी काही नाही.

चार भिंतींबाहेर

घर मिळालं, औषधं सुरळीत झाली, तरी माणूस एकटा पडू शकतो, आणि सपोर्ट वर्कर हा मित्राला पर्याय नसतो. बेल्जियममधल्या खील गावात शेकडो वर्षं साधी कुटुंबं मानसिक आजार असलेल्या माणसांना घरात ठेवून घेत आली आहेत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अशी साडेतीन हजारांहून जास्त माणसं तिथे होती. त्यांना ‘रुग्ण’ नाही, घरात राहणारी माणसं म्हणत. न्यूयॉर्कमध्ये १९४८ मध्ये हॉस्पिटलमधून बाहेर पडलेल्यांच्या गटातून फाउंटन हाउस उभं राहिलं, तिथे येणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणतात आणि रोजचं काम मेंबर आणि कर्मचारी मिळून करतात. दोन्हीकडे एक समान आहे: तिथे माणसाची गरज असते. तेव्हा विरंगुळा शोधण्याआधी असं काम शोधा की हा आला नाही तर कुणाला तरी जाणवेल. झाडांना पाणी घालणं, वाचनालयात पुस्तकं लावणं, काहीही.

वही

शेवटचं, सपोर्ट वर्करसाठी. ड्युटी संपताना वहीत नोंद करतो ती अशी लिहा की ज्याच्याबद्दल आहे त्याने वाचली तरी चालेल. ‘त्रास दिला’, ‘ऐकत नाही’, ‘लक्ष वेधून घेतो’ हे लिहू नका. काय झालं, किती वाजता झालं, कशाने बरं वाटलं, तेवढं लिहा. आमच्याकडे आता वही स्वयंपाकघरात उघडी नसते. प्रत्येकाची वेगळी असते, त्याच्याच खोलीत. दादा त्याची रोज वाचतो. गेल्या आठवड्यात माझ्या नोंदीखाली त्याच्या अक्षरात एक ओळ होती: ‘अभ्रे जुने झालेत. शनिवारी मी आणतो, तुम्ही नका येऊ.’